भोसरीहून श्टुटगार्टला

जर्मनीला जायचं म्हटलं की आपल्याकडची मंडळी बर्लिन, म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट अशी नावं घेतात. श्टुटगार्ट सहसा कुणाच्या सहलीत नसतं. असलंच तर गाडी बदलण्यापुरतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याने लेथवर हात काळे केलेत, ज्याच्या घरातलं कुणी नाशिकला मायकोत, पिंपरीला टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) किंवा चाकणला नोकरीला लागलं, अशा मराठी माणसाला युरोपातलं एकच शहर बघायचं असेल, तर त्याने हे बघावं.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो. श्टुटगार्टला दर सम वर्षी सप्टेंबरात धातुकामाचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याचं नाव एएमबी. त्याला जायचं मनात होतंच, आणि भाचा तिथे फायहिंगन भागात राहतो, त्यामुळे हॉटेलचाही प्रश्न मिटला. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलचे दर फार चढतात, म्हणून ज्यांचं कुणी तिथे नाही त्यांनी कित्येक महिने आधी खोली धरून ठेवावी. शहरात जागा मिळाली नाही तर लोकलच्या मार्गावरच्या एसलिंगन, ब्योब्लिंगन अशा गावांतही राहता येतं. अर्ध्या तासात माणूस कुठूनही कुठे पोचतो.

रविवार

मुंबईहून श्टुटगार्टला थेट विमान नाही. मी फ्रँकफर्टला उतरलो आणि विमानतळाच्याच स्टेशनावरून वेगवान आयसीई पकडली. सव्वा-दीड तासात श्टुटगार्ट येतं. पुन्हा विमान बदलून तिथे उतरण्यापेक्षा हा मार्ग सुटसुटीत आहे.

मुख्य स्टेशनात उतरल्यावर मात्र भरपूर चालायची तयारी ठेवावी. 2010 पासून इथे 'श्टुटगार्ट 21' नावाचा प्रकल्प चालू आहे. पाउल बोनात्स या वास्तुकाराने बांधलेलं दगडी स्टेशन 1928 मध्ये पूर्ण झालं. गाड्या तिथे येऊन थांबतात आणि उलट्या फिरतात. नव्या योजनेत रूळ जमिनीखाली, काटकोनात वळवून आरपार न्यायचे आहेत. वर छताला आधार देणारे 28 काँक्रीटचे खांब आहेत. पेल्यासारखे वर उमलत जाणारे, आणि बहुतेकांच्या माथ्यावर उजेडासाठी काचेचा डोळा. काँक्रीटचं इतकं नाजूक काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण या प्रकल्पाने शहर अक्षरशः दुभंगलं होतं. 30 सप्टेंबर 2010 रोजी राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं तोडायला विरोध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे सोडले, कित्येक जण जखमी झाले. पुढच्याच वर्षी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या इथल्या राज्यात जर्मनीतला पहिला हरित पक्षाचा मुख्यमंत्री आला, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये सार्वमत घेतलं गेलं. बहुमत प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूने पडलं, म्हणून विरोधात असलेल्या मुख्यमंत्र्यानेही तो पुढे नेला. उद्घाटनाची तारीख त्यानंतर अनेकदा पुढे गेली आहे, खर्चही फुगत गेला आहे. तरी लोकांनी रस्त्यावर येऊन हिशेब मागितला, मग मत दिलं आणि निकाल मानला, याचं मला फार मोल वाटतं.

भाचा घ्यायला आला होता. "मामा, पाण्याची बाटली फेकू नकोस," हे त्याचं पहिलं वाक्य. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत घेतात. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की पावती निघते आणि पैसे परत मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली काही दुकानं आणि सकाळच्या बेकऱ्या सोडल्या तर काहीही मिळत नाही. रविवारी उतरणाऱ्याने टूथपेस्टपासून फोनच्या चार्जरपर्यंत सगळं बरोबर आणावं.

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो. स्टेशनासमोरून क्योनिगश्ट्रास ही लांबलचक पायी चालण्याची बाजारपेठ सुरू होते. मध्यावर श्लॉसप्लाट्झ हा मोठा चौक, एका बाजूला नवा राजवाडा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला होता, त्यामुळे आज जुनं दिसणारं बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे. बाजारपेठ कुठल्याही युरोपीय शहरासारखीच, तिथे फार रेंगाळू नये. खरं श्टुटगार्ट पायऱ्यांवर आहे.

शहर खोलगट भागात वसलंय आणि तिन्ही बाजूंनी टेकड्या अगदी अंगावर येतात. या उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते. मळ्यात जायला दगडी पायऱ्या बांधल्या. पुढे मळ्यांच्या जागी घरं आली, पायऱ्या तशाच राहिल्या. इथे त्यांना 'श्टेफेले' म्हणतात आणि अशा चारशेहून अधिक पायवाटा शहरभर आहेत. आम्ही ऑयगनश्टाफल चढून ऑयगनप्लाट्झला गेलो. वर गालाटेआचं कारंजं आहे आणि कठड्यावरून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. दम लागतो, पण सत्तरीतल्या बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन सहज चढत होत्या. इथल्या माणसांचा काटकपणा या पायऱ्यांतून आला असावा, असं मला मनापासून वाटलं.

सोमवार

सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात, मर्सिडीज आणि पोर्शे दोन्ही. म्हणून हा दिवस मी गाठीभेटींसाठी ठेवला होता.

लोकलच्या मार्गावरच्या एका गावात आमच्या होऊ घातलेल्या ग्राहकाचा कारखाना आहे. कुटुंबाची कंपनी, तिसरी पिढी. बाहेर पाटीसुद्धा छोटी. नऊची वेळ होती, मी दहा मिनिटं आधी पोचलो. खरेदीप्रमुख आणि गुणवत्ता बघणाऱ्या बाई नवाच्या ठोक्याला दारात. "ग्र्युस गॉट" म्हणत हात मिळवला, कॉफी आणि लोणी लावलेला ब्रेट्झल समोर आला, आणि पाचव्या मिनिटाला आमचा नमुना टेबलावर होता. हवापाणी, प्रवास, कुटुंब यावर इथे वेळ जात नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आपला वेळ मोलाचा आहे हे ते मान्य करतात, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या मोज-अहवालाची पानं त्या बाईंनी शांतपणे चाळली. मग खिशातून एक बारीक टॉर्च काढला आणि नमुन्यातल्या आडव्या भोकात, जिथे दोन छिद्रं एकमेकांना छेदतात तिथे, उजेड टाकला. लाकडी काडीचं टोक आत फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. काडीच्या टोकावर धातूचा एक केसाएवढा तंतू आला होता. बर. कापताना छिद्राच्या कडेला राहणारं हे धातूचं कुसळ. आम्ही ती हाताने काढतो आणि बहुतेक नगांत ती पूर्ण निघतेही. बाईंनी तो तंतू पांढऱ्या कागदावर ठेवला आणि विचारलं, "हजार नगांत एकातही राहणार नाही, याची तुमची पद्धत कोणती?" आवाजात राग नव्हता, उपहास नव्हता. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये हा एक तंतू सुटला तर यंत्र अडकतं. प्रश्न माणसाच्या हातचलाखीचा नव्हता, पद्धतीचा होता. त्या एका प्रश्नात मला या शहराची सगळी उद्योगनीती दिसली.

ज्यांना तिकडे व्यवसाय करायचा आहे त्यांना माझं सांगणं आहे की दर सगळ्यात शेवटी विचारला जातो. आधी पद्धत, मग पहिल्या नमुन्याचा तपासणी अहवाल, मग वेळेवर माल देण्याचा इतिहास. "हो, होऊन जाईल" हे उत्तर तिथे चालत नाही. "हे आम्हाला जमतं, ते जमत नाही, त्याला सहा आठवडे लागतील" हे चालतं, आणि त्याचा मान ठेवला जातो.

संध्याकाळी भाच्याच्या दारावर एक छोटी लाकडी पाटी लटकत होती. त्याची 'केर्वोखे' होती, म्हणजे या आठवड्यात इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी त्याच्या घराची. काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर जाते. ही रीत पंधराव्या शतकाच्या अखेरीपासूनची सांगतात. संगणकावर इंजिनांचं गणित करणारा माझा भाचा कोपरे न् कोपरे पुसत होता, आणि शेजारच्या आजी जाता जाता मान डोलावून गेल्या. या भागात मान डोलावणं ही मोठी शाबासकी. टीका केली नाही म्हणजे कौतुक झालं, असंच इथले लोक मानतात.

मंगळवार

प्रदर्शनाचं मैदान विमानतळाला खेटून आहे. 2007 मध्ये ते इथे आलं, त्याआधी किलेसबर्गच्या टेकडीवर होतं. एस 2 आणि एस 3 या लोकल थेट जातात, यू 6 ही शहरी रेल्वेही आता तिथवर पोचते. वाहनतळाची इमारत चक्क आठ क्रमांकाच्या महामार्गावर आडवी टाकली आहे, खालून गाड्या धावतात.

आत दहा दालनं. यंत्रं चालू, शीतक द्रवाचा तो ओळखीचा वास, काचेमागे टायटॅनियमचा ठोकळा पाच अक्षांवर फिरत कापला जातोय. पहिल्या तासात डोळे दिपून जातात. पण हे प्रदर्शन उगाच भटकण्यासाठी नाही. तिथे जो तो आधी वेळ ठरवून आलेला असतो. मी दीड महिना आधीपासून ईमेल पाठवून भेटी पक्क्या केल्या होत्या, म्हणून प्रत्येक ठिकाणी बसायला खुर्ची आणि बोलायला नेमका माणूस मिळाला. आपल्याकडून आलेले काही उद्योजक पिशव्या भरून माहितीपत्रकं गोळा करताना दिसले. इतक्या लांब येऊन ते पुरेसं नाही. तीन भेटी नीट होणं हे तीस स्टॉल बघण्यापेक्षा फार मोठं आहे.

माझ्या डोक्यात सोमवारचा तो तंतू होता. एका दालनात आडव्या छिद्रांच्या कडा आतून साफ करणारी हत्यारं बघायला मिळाली. स्प्रिंगवर बसवलेलं बारीक पातं छिद्रातून आत जातं, जाताना एक कड मोडतं आणि परत येताना दुसरी, तेही त्याच सीएनसीवर, नग न उतरवता. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने माझं ड्रॉइंग मागितलं, छिद्रांचे व्यास पाहिले आणि लगेच सांगितलं की एका छिद्राला हे हत्यार बसेल, दुसऱ्याला बसणार नाही, कारण छेदाचा कोन फार तिरका आहे. विकायला बसलेला माणूस आपलं हत्यार कुठे चालणार नाही हे आधी सांगतो, याचा फार आधार वाटतो. चाचणीसाठी दोन हत्यारं मागवली.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने थोडं सावध राहावं. इथला मानाचा पदार्थ माउलटाशन, म्हणजे पिठाच्या पारीत मांस आणि पालक भरून उकडलेले चौकोन. उपासाच्या दिवसांत मांस देवाच्या नजरेआड करण्यासाठी माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी ते पिठात लपवलं, अशी कथा सांगतात. आता भाजी भरलेलेही मिळतात. श्पेट्झले हे अंड्याच्या पिठाचे तुकडे चीज आणि परतलेल्या कांद्याबरोबर आले की पोट भरतं. मसूर घातलेले श्पेट्झलेही घरोघरी होतात, पण त्यात बरेचदा सॉसेज किंवा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, म्हणून मागवण्याआधी विचारून घ्यावं. बटाट्याची कोशिंबीरही इथे मांसाच्या रस्स्यात करतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बुधवार

दुपारपर्यंत प्रदर्शन. संध्याकाळी भाच्याकडे पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन होतं. शाडूची वीतभर मूर्ती, आणि गॅलरीत पाण्याने भरलेली नवी बादली. सातलाच आरती आटोपली, कारण रात्री दहानंतर आवाज चालत नाही. जिन्यात मान डोलावणाऱ्या आजी मुद्दाम सफरचंदाचा केक घेऊन आल्या आणि दोन मोदक आवडीने खाल्ले. या परिसरात मराठी घरं खूप आहेत. बहुतेक गाड्यांच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कामावर. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि 2004 पासून इथे दर उन्हाळ्यात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरतो.

गुरुवार

हा दिवस मी राखून ठेवला होता, कारण एका प्रश्नाने बरेच दिवस पाठ धरली होती. या भागात कोळसा नाही, मोठं बंदर नाही, जमीनही बेताची. मग इतके कारखाने इथेच का?

उत्तराचा एक भाग शेतीत आहे. जुन्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या मोठ्या भागात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. दोन-तीन पिढ्यांत तुकडे इतके लहान झाले की त्यावर पोट भरेना. आपल्या कोकणात, देशावर भाऊहिश्श्यांचं जे झालं तेच. मग शेतकरी हिवाळ्यात घरी बसून विणकाम, सुतारकाम, घड्याळकाम करू लागले. घर आणि तुकडाभर जमीन सोडवत नव्हती, म्हणून काम गावात आलं. आजही कारखाने एका शहरात दाटीवाटीने नाहीत, खोऱ्याखोऱ्यांत आणि गावागावांत विखुरलेले आहेत. कार्शर विनेनडेनला, श्टील वाइब्लिंगनला, ट्रुम्फ डिट्झिंगनला, फेस्टो एसलिंगनला.

दुसरा भाग दुष्काळात आहे. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि 1816 साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं कुजली, व्युर्टेम्बर्गमध्ये लोक उपाशी मेले, हजारोंनी देश सोडला. नुकताच गादीवर आलेला राजा विल्हेल्म पहिला आणि राणी काटारिना यांनी त्यानंतर शेतीशिक्षणाची संस्था काढली, जी आज होहेनहाइम विद्यापीठ आहे, आणि 1818 मध्ये कानश्टाटला शेतीचा मेळा भरवला. सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होणारा, बिअरच्या तंबूंसाठी गाजणारा कानश्टाटचा उत्सव हाच. त्याच्या मधोमध आजही फळं-धान्यांनी सजवलेला उंच खांब उभा करतात. मी गेलो तेव्हा मैदानावर तंबूंचे सांगाडे चढत होते.

तिसरा भाग एका माणसाचा आहे. फेर्डिनांड फोन श्टाइनबाइस. 1848 मध्ये राज्याने उद्योग-व्यापारासाठी एक मध्यवर्ती कचेरी काढली, आणि पुढे कित्येक वर्षं तिची सूत्रं याच्याकडे होती. त्याने परदेशातून नमुन्याची यंत्रं विकत आणली, ती कारागिरांना बघायला ठेवली, होतकरू पोरांना बाहेर शिकायला पाठवलं, धंदेशिक्षणाच्या शाळा काढल्या. सरकारने स्वतः कारखाने काढण्यापेक्षा कारागिराच्या हाताला शिकवावं, ही त्याची दृष्टी. त्या संस्थेच्या संग्रहालयासाठी बांधलेली भव्य इमारत आता 'हाउस डेर विर्टशाफ्ट' म्हणून शहराच्या मध्यात उभी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबलो. आमच्या भोसरीत हजारो वर्कशॉप आहेत, पण नव्या मालकाला एखादं नवं यंत्र हात लावून, चालवून बघता येईल अशी सार्वजनिक जागा किती? असती तर बरीसंबंधीचा धडा मला साता समुद्रापलीकडे घ्यावा लागला नसता.

दुपारी माइलेंडर प्लाट्झचं नगर वाचनालय पाहिलं. 2011 चं, मूळ कोरियन असलेले वास्तुकार उन यंग यी यांचं. बाहेरून करडा चौकोनी ठोकळा, आत पांढराशुभ्र पाच मजली प्रकाशाचा चौक आणि कडेने पुस्तकंच पुस्तकं. कुणीही आत जाऊ शकतं.

संध्याकाळी दूरदर्शन मनोरा. 1956 मध्ये अभियंता फ्रिट्झ लेओनहार्टने बांधलेला, 217 मीटर उंच, काँक्रीटचा असा जगातला पहिला. मुळात इथे साधा लोखंडी सांगाडा उभा राहणार होता. लेओनहार्टचं म्हणणं, वर लोकांना जाता येईल असं करा, बघायची जागा करा, उपाहारगृह करा, मनोरा आपला खर्च आपण काढेल. तसंच झालं. त्यानंतर जगभर असे मनोरे उभे राहिले. वरून स्वच्छ हवेत दक्षिणेला श्वेबिश आल्बच्या डोंगररांगा दिसतात, आणि खाली जंगलाच्या कुशीत शहर.

शुक्रवार

सकाळी ग्राहकाशी दुसरी बैठक, ती तासाभरात संपली. नव्या पद्धतीने बर काढून केलेले नमुने पाठवायचं ठरलं.

संध्याकाळी ऊलबाखला एका 'बेझन'मध्ये जेवलो. द्राक्षमळ्याचा मालक वर्षातले फक्त काही महिने, कायद्याने चारच, आपल्या घराच्या ओसरीत किंवा कोठारात वाइन आणि घरचं जेवण देतो. चालू असल्याची खूण म्हणून दाराबाहेर केरसुणी टांगतो. चाळिसाहून जास्त माणसं बसवायला परवानगी नाही, त्यामुळे एकाच बाकावर अनोळखी लोक खेटून बसतात आणि आपसूक बोलू लागतात. माझ्याशेजारी एक निवृत्त टूलमेकर होते. बोलता बोलता त्यांनी काळजी सांगितली. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, पिस्टन नाही, इंजेक्टर नाही. नातू त्याच कारखान्यात लागला आहे, त्याचं पुढे काय? हीच काळजी मी पिंपरी-चिंचवडमध्ये रोज ऐकतो. आम्ही दोघांनी ट्रॉलिंगर या हलक्या लाल वाइनचे पेले समोर ठेवून त्यावर बराच वेळ बोलणं केलं.

शनिवार

मर्सिडीज-बेंझ संग्रहालय 2006 मधलं, यूएनस्टुडिओच्या बेन फान बेर्कलचं. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात, दार उघडताच समोर पांढरा घोडा. तिथून दोन उतरते मार्ग एकमेकांत गुंफत 1886 पासून आजपर्यंत खाली येतात. सुमारे 160 वाहनं आहेत. सबंध सकाळ द्यावी. आपल्यासाठी यातला एक धागा जवळचा आहे. 1954 मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि पंधरा वर्षं जमशेदपूरचे ट्रक त्यांच्या तंत्रावर बनले. 1994 नंतर पुण्यात गाड्या जुळू लागल्या, पुढे चाकणला कारखाना झाला.

पण मला सांगायचंय ते त्या भव्य इमारतीबद्दल नाही. बाड कानश्टाटच्या उद्यानात, टाउबनहाइमश्ट्रासवर, एक छोटी विटांची बागेतली खोली आहे. प्रवेश मोफत. तिथे जाच. 1882 मध्ये गोटलीब डाइमलरने इथे घर घेतलं आणि बागेतल्या काचघराला जोडून वर्कशॉप काढलं. तो आणि विल्हेल्म मायबाख दिवसरात्र आत काम करत, दार बंद. माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतायत, त्याने पोलिसांत सांगितलं. पोलिसांनी गुपचूप चावी मिळवून आत पाहिलं तर फक्त हत्यारं आणि इंजिनाचे भाग. त्याच खोलीत हलकं, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन तयार झालं, 1885 मध्ये ते लाकडी दुचाकीवर चढलं आणि पुढच्या वर्षी घोडागाडीवर. तिकडे मानहाइमला कार्ल बेंझ त्याच सुमारास स्वतंत्रपणे आपली गाडी करत होता. दोघांच्या कंपन्या 1926 मध्ये एक झाल्या.

खोलीत कामाचं टेबल आहे, व्हाइस आहे, भिंतीवर हत्यारं, एक भट्टी. व्हाइसचे जबडे वापरून गुळगुळीत झालेत. खोली आमच्या भोसरीतल्या पहिल्या गाळ्यापेक्षा लहान असेल. याच 1886 सालच्या नोव्हेंबरात शहराच्या पश्चिमेला रॉबर्ट बॉशने मागच्या अंगणातल्या जागेत एक सहकारी आणि एक हरकाम्या पोरगा घेऊन काम सुरू केलं. 1906 मध्ये त्याने आठ तासांचा दिवस आणला. नाशिकमध्ये त्या कंपनीचा, म्हणजे आपल्या जुन्या मायकोचा, कारखाना आहे आणि शहरातला चौक आजही मायको सर्कल म्हणूनच ओळखतात.

रविवार

परतीची गाडी दुपारी उशिराची होती. सकाळी वाइसनहोफ वसाहतीत गेलो. 1927 मध्ये मीस फान डेर रोएच्या देखरेखीखाली सतरा वास्तुकारांनी इथे साधी, सपाट छताची, भरपूर उजेडाची घरं बांधून दाखवली. सामान्य माणसाच्या घराचा नव्याने विचार. नाझींना ती डोळ्यात खुपली, युद्धात काही पडली, निम्म्याच्या आसपास उरली. ल कोर्बुझिएचं जोडघर आता संग्रहालय आहे. अर्धा भाग 1927 मध्ये होता तसा, भिंतींच्या मूळ रंगांसकट. सरकणाऱ्या पलंगांमुळे दिवसाची बैठक रात्री झोपायची खोली होते. 2016 मध्ये याच वास्तुकाराच्या निवडक कामांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे घर आहे आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही.

छतावरच्या गच्चीतून शहर पुन्हा सगळं दिसतं. तिथे उभा राहून भाच्याला म्हटलं, "पुढच्या खेपेस आपल्या दोन पोरांना घेऊन येतो, एक मशिनवरचा आणि एक तपासणीतला." तो म्हणाला, "मामा, आण. पण सोमवार टाळ, त्यांना डाइमलरची खोली दाखवायला मीच नेईन." विमानाच्या तिकिटांची चौकशी मी फ्रँकफर्टच्या गाडीत बसल्या बसल्या सुरू केली.